हातावर उतरणारं यंत्र

नागपूरच्या विमानतळावर सामान घेऊन निघालं की पुढं दोन वाटा लागतात, एक हिरवी आणि एक लाल. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्यानं हिरव्या वाटेनं निमूट बाहेर पडायचं, आणि ज्याच्याकडे आहे त्यानं लाल पाटीखाली जाऊन उभं राहायचं. दोह्याला मी विमान बदललं होतं, तिथून माझ्यासोबत आलेली झाडून सगळी माणसं हिरव्या वाटेनं गेली. मी एकटा लाल पाटीखाली. माझी उभी हयात पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे नियम दिसला की तो पाळायचा ही खोड हाडीमाशी मुरलेली आहे. या खोडीनं आजवर कुणाचं भलं झाल्याचं मला आठवत नाही.

सामान माझं नव्हतं, स्वानंदचं होतं. स्वानंद माझा मुलगा. टांझानियात, दार-ए-सलामजवळ, खाणींची मोजणी करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. उन्हाळ्यात कामावरून परत येताना त्यांची जीप उलटली. कंपनीनं त्याला पेटीत घालून इकडे पाठवलं आणि मोक्षधाम घाटावर आम्ही जे करायचं ते केलं. मागे राहिली त्याची तिकडची खोली, बँकेचं खातं आणि कपडेलत्ते. ते आवरायला बाप नाही जाणार तर कोण जाणार? अख्ख्या आयुष्यात छिंदवाड्यापलीकडे फारसा न गेलेला मी, पहिल्यांदा पासपोर्ट काढला तो असल्या कामासाठी. लोक अभिनंदन करायचे. वामनराव, परदेशी चालले म्हणे!

मी निघालो त्या दिवशी रुख्मिणी दारापर्यंत आली. पोराला नेलं तेव्हापासून ती रडली नव्हती, आणि बोलायची म्हणजे "जेवता का" आणि "दार लावा" एवढंच. मोठी बहीण येऊन राहिली, शेजारच्या यमुताईंनी हात धरून बसून पाहिलं, पण हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही. लोक मला बाजूला घेऊन सांगत, त्यांना रडवा हो, नाहीतर आतल्या आत काही होऊन बसेल. जसं काही माझ्याकडे त्याची किल्लीच आहे. त्या दिवशी मात्र ती आपणहून बोलली.

"कपडेगिपडे आनू नका. तिकडंच देऊन टाका कोनाले. ते यंत्र तेवढं आनजा."

"आनतो."

"इसरसान."

"नाही इसरत वं."

यंत्र म्हणजे ड्रोन. तो शब्द तिनं कधी तोंडात घेतला नाही. स्वानंदनं नोकरी लागल्याबरोबर धरमपेठेतल्या ऋषिकेशच्या कॅमेऱ्याच्या दुकानातून तो विकत आणला होता. ऋषिकेश त्याचा शाळेपासूनचा मित्र. हातात मावेल एवढी राखाडी वस्तू, चार पंख, आणि आवाज मात्र मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा. पोरगं रोज संध्याकाळी गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीपाशी उभं राहायचं आणि आम्हा दोघांना हाका मारायचं. मी कपाळाला आठ्या घालून जायचो. एवढ्या पैशात काय काय आलं असतं, हे मी रोज एकदा तरी ऐकवायचोच.

पहिल्याच दिवशी तो रुख्मिणीला म्हणाला, "आई, हात वर कर. असा, तळवा पसरून. ते तुझा हात ओळखते."

"काहीबाही बोलू नको."

"कर तर खरं वं!"

तिनं हात वर केला. यंत्र समोरच्या कडुनिंबावरून वळसा घालून आलं, तिच्या डोक्यावर क्षणभर थांबलं आणि अलगद खाली येत तिच्या तळव्यावर बसलं. पंख थांबले. रुख्मिणीचं तोंड असं झालं की मला तिचं लग्नातलं तोंड आठवलं. मग मीही हात वर केला. यंत्र माझ्याजवळ आलं, वीतभर अंतरावर थांबलं आणि भुर्रकन निघून गेलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. स्वानंद टाकीला टेकून खदखदा हसत होता. "बाबा, तुमचा हात ओळखतच नाही ते!" पुढं कितीदा तरी मी हात वर करून पाहिला असेन. माझ्या हातावर ते कधी म्हणून बसलं नाही आणि तिच्या हातावर बसलं नाही असं कधी झालं नाही. मला खोटं कशाला बोलायचं आहे, मनातून मी खट्टू व्हायचो. पण विश्वास ठेवला. आजकाल फोन चेहरे ओळखतात, कुलपं बोटं ओळखतात, मग याला आईचा हात ओळखायला काय झालं?

आता ती त्याचीच वाट पाहत होती. तिच्या मनात होतं, ऋषिकेश उडवून देईल, मी हात वर धरीन, आणि ते येईल. पोर नाही, पण पोराच्या यंत्राला तरी मी आठवते का ते मला पाहायचं आहे. हे तिनं मला बोलून दाखवलं नव्हतं. संसाराला इतकी वर्षं झाली, एवढं न बोलता कळतं.

लाल पाटीखालच्या टेबलाशी एक तरुण बाई बसली होती. छातीवरच्या पट्टीवर श्वेता असं नाव. तिनं सूटकेस उघडायला लावली. स्वानंदचे, देऊन टाकायला हात न झालेले दोन शर्ट, दाढीचं सामान, फुटलेला फोन, आणि खाली टॉवेलात रिमोटसकट गुंडाळलेलं यंत्र. ते पाहिल्याबरोबर ती ताठ बसली.

"काका, हे बाहेरून आणायला बंदी आहे."

"बाहेरून नाही आणलं. इथूनच गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी जाताना याच विमानतळावर कागद करून घेतला होता माझ्या मुलानं." मी कागद पुढे केला. मी काही लेचापेचा नाही, दार-ए-सलामच्या खोलीतून सगळ्यात आधी तो कागद शोधून काढला होता.

तिनं कागद नीट वाचला. मान हलवली. "कागद बरोबर आहे. आता फक्त यावरचा नंबर यंत्रावर दाखवा. जुळला की घेऊन जा."

तिनं यंत्र उलटं केलं. पोटाखाली नंबरची जागा होती. नंबर नव्हता. तिथं नुसतं घासून पांढरं पडलेलं प्लास्टिक, आणि खाचांमधे थोडा शेंदूर.

तो शेंदूर पाहिला आणि नंबर कुठं गेला ते मला एकदम कळलं. रुख्मिणीचं माहेर उमरेडचं. घरात हातमाग. खंडे नवमीला तिचे वडील मागाची पूजा करायचे, सूत ओढणाऱ्या धोट्याला हळदकुंकू वाहायचे, आणि त्या दिवशी मागाला कुणी हात लावायचा नाही. जे यंत्र घर चालवतं त्याच्यापुढं वर्षातून एक दिवस हात जोडायचे, हे ती तिथून घेऊन आली. आमच्या घरी नवमीला माझी पट्टी, कंपास, शिलाई मशीन आणि स्कूटर अशी पाटावर आणि पाटाशेजारी रांग लागायची. त्या वर्षी त्यात हे यंत्र आलं. हळदकुंकवावर तिचं समाधान झालं नाही. तेलात शेंदूर कालवून तिनं त्याच्या पोटावर चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेंदूर निघेना, तेव्हा तारेची घासणी घेतली आणि एखादं पातेलं घासावं तसं यंत्र घासलं. शेंदूर निघाला आणि त्याबरोबर नंबरही निघाला. स्वानंदनं पाहिलं तेव्हा तो कपाळावर हात मारून हसला होता. पुढं कस्टमचा कागद करताना त्यानं नंबर खोक्यावरून उतरवून दिला असणार. ते खोकं कधीच रद्दीत गेलं होतं.

"हा नंबर मुद्दाम घासलाय, काका." तिचा आवाज आता टेबलाच्या पलीकडून आला. "चोरीचा माल आणणारे असंच करतात."

मी चिडलो. मला चिडायला वेळ लागत नाही. "माझ्या बायकोनं घासलाय! पूजा केली होती, पूजा! तुमच्या घरी नाही करत खंडे नवमीला?"

आसपासचे दोघे शिपाई बघायला लागले. ती मात्र चिडली नाही. यंत्र नाकाजवळ नेऊन तिनं खाचेतला शेंदूर पाहिला, नखानं थोडा काढला, बोटावर चोळला.

"करतो," ती म्हणाली. "माझी सासू लॅपटॉपवर फूल ठेवते. पण काका, हे मी फाइलमधे कसं लिहू?"

"मग करायचं काय?"

"चालू करून याच्या मालकाच्या फोनमधे नंबर बघता येतो. फोन?"

मी फुटक्या फोनकडे बोट दाखवलं. तेव्हा मला सांगावं लागलं की मालक नाही, का नाही, मी कुठून येतोय आणि बाकीचं सामान तिकडेच देऊन आलोय. दार-ए-सलामच्या कचेऱ्यांमधून मी हेच पुन्हा पुन्हा सांगितलं होतं आणि ते मोडक्या इंग्रजीत असल्यामुळे सोपं गेलं होतं. मराठीत सांगताना मला दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तिनं शिपायाला पाणी आणायला पाठवलं आणि मला खुर्ची दिली.

"एखादा जुना फोटो असेल का, ज्यात हा नंबर दिसतो? विकत घेतानाचा वगैरे? तेवढा मिळाला तरी मी साहेबांकडून सही आणते. तेवढं मी करीन."

मी लगेच ऋषिकेशला फोन लावला. तो झोपेतून उठला होता पण एका वाक्यात समजला. "काका, दुकानात घेतला त्या दिवशी फोटो काढला होता आम्ही. शोधून पाठवतो. हलू नका तिथून." जीव भांड्यात पडला. मी पाणी प्यायलो. बाहेर चांगलं उजाडलं होतं आणि काचेपलीकडे रेलिंगपाशी माणसांची गर्दी दिसत होती. तिच्यात रुख्मिणी असणार. येऊ नको म्हणून मी दोनदा सांगितलं होतं, तरी ऑटो करून एकटी येते असं तिनं कळवलं होतं. मोक्षधामच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

वाट पाहता पाहता श्वेता म्हणाली, "एक विचारू, काका? एवढं मोठं सामान तिकडेच देऊन आलात आणि हेच का आणलं? कॅमेऱ्यातलं कार्ड हवं असेल तर ते मी आत्ता काढून देते. कार्डाला बंदी नाही."

"कार्ड नको. त्यात नुसत्या खाणी आहेत." मग मी तिला गच्चीची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. दमलो होतो, आणि तिनं पाणी दिलं होतं. रुख्मिणीचा हात, कडुनिंबावरून येणारं यंत्र, आणि माझ्या हाताजवळून ते कसं पळून जायचं तेही. ती आधी हसली. मग हसू ओसरलं आणि ती यंत्राकडे बघत राहिली.

"काका, रागावणार नसाल तर सांगते."

"सांगा."

"आमच्याकडे असले खूप येतात, मला प्रत्येकाची माहिती ठेवावी लागते. हात ओळखणारे काही असतात. हा त्यातला नाही. याला खालचं काही दिसतच नाही. हे..." ती थांबली. "हे तुमचा मुलगाच उतरवत असणार. हातातल्या रिमोटनं."

मला प्रथम कळलंच नाही. मग कळलं. टाकीपाशी उभं राहून, आमच्याकडे तोंड करून, ते पोरगं अंगठ्यानं यंत्र हलवत होतं. आईच्या हातावर अलगद आणत होतं. मला वीतभरावरून हुलकावणी देत होतं. आणि आम्ही दोघं वर, यंत्राकडे बघत होतो. त्याच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. मला हसू आलं. खरंच आलं, मी मोठ्यानं हसलो, आणि हसता हसताच मला इतकं रडू कोसळलं की टेबलाची कड धरावी लागली. लबाड पोरगं! आईला किती गंडवलं, आणि किती प्रेमानं गंडवलं. माझ्या हातावर बसवलं असतं एकदा तर काय बिघडलं असतं त्याचं?

श्वेतानं शिपायाला डोळ्यांनी दूर पाठवलं.

तेवढ्यात फोन वाजला. ऋषिकेशनं फोटो पाठवला होता. दुकानाचं काउंटर, आणि स्वानंद नवं कोरं यंत्र उलटं धरून दात काढतोय. त्याचे केस कपाळावर आलेले. यंत्राच्या पोटावर नंबर. मी चष्मा लावला आणि फोटो मोठा करून कागदाशी ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर जुळत होतं. फोन पुढं केला असता तर घटकाभरात मी यंत्र घेऊन बाहेर पडलो असतो.

मी फोन पुढं केला नाही.

मला रुख्मिणी दिसत होती. आजच संध्याकाळी ती गच्चीवर जाणार. ऋषिकेश येणार, तो भला पोरगा आहे, मी सांगितलं तर तोही तिच्या हातावर आणून बसवील. पण तो उभा राहणार कुठं? टाकीपाशीच. आणि स्वानंद जिथं उभा राहायचा तिकडे आता ती बघणार नाही असं कसं होईल? आता तर ती तिकडेच बघणार. मागावरच्या बापाचे हात बघत वाढलेली बाई आहे ती, अंगठा हलला की तिला कळणार काय चाललंय. यंत्र नाही आलं तर ती म्हणणार, हेही मला विसरलं. आणि आलं तर तिला कळणार की ते कधी ओळखतच नव्हतं. दोन्हीकडून तिचं जे एक उरलंय ते जाणार. जगात एक वस्तू आहे आणि ती आपला हात ओळखते, एवढं तिच्यापाशी राहू द्यावं असं मला वाटलं. बरोबर वाटलं की चूक, ते मला आजही सांगता येत नाही. बापाला तरी ते कळलं तेवढं पुरे.

"आला का फोटो?" श्वेतानं विचारलं.

"नाही. नाही मिळत म्हणतो."

तिनं माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. पडदा अजून उजळलेला होता, आणि ती काही आंधळी नव्हती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, मग काचेपलीकडे रेलिंगकडे.

"काका, मी साहेबांशी बोलून बघू का? थांबा थोडं."

"नको, पोरी. ठेवून घे."

"एकदा आत गेलं की परत मिळणं कठीण आहे."

"माहीत आहे."

तिनं सही कुठं करायची ते दाखवलं. मी केली. यंत्र आत न्यायच्या आधी तिनं ते परत त्याच टॉवेलात गुंडाळलं, सगळ्या बाजूंनी नीट खोचून. टॉवेल जप्त करायचं कारण नव्हतं, पण मी मागितला नाही.

बाहेर आलो तर उन्हानं डोळे दिपले. रुख्मिणी रेलिंगला चिकटूनच उभी होती, अंगावर इरकली, केस नीट विंचरलेले. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ ट्रॉलीवर नजर. सूटकेस, माझी पिशवी. पुन्हा सूटकेस.

"आतमंदी हाय?"

"नाही."

"इसरले तुमी."

"नाही वं. आनलं होतं. ठेवून घेतलं त्यायनं."

"काहून?"

"बाहेरून आनाले बंदी हाय म्हनते."

"बाहेरचं कुठं हाय ते? आपल्या धरमपेठेतलं तर होतं."

"मी सांगतलं."

"हातापाया पडाचं होतं."

"पडलो."

तिनं रेलिंग दोन्ही हातांनी धरलं. "माह्या हातावर येत होतं ते, हे सांगतलं का?"

"सांगतलं."

"मंग?"

मी ट्रॉली बाजूला घेतली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. पोराची पेटी आली, चिता पेटली, तेरावं झालं, तेव्हा जो ओठ दगडासारखा राहिला तोच.

"कोन होता तो मेला?"

"मानूस नव्हता. बाई होती."

"बाई?" ती खालीच बसली, तिथं फरशीवर, जाणाऱ्या येणाऱ्यांच्या पायांत. "बाई असून नाही समजलं तिले?"

"नाही समजलं," मी म्हणालो.

आणि मग ती रडली. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम आलं. टॅक्सीवाले वळून बघू लागले, कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. मी तिच्याजवळ खाली बसलो, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि पाठ कशी हलतेय ते हाताला लागत राहिलं. रडता रडता ती त्या बाईला शिव्या देत होती. ठेवणीतल्या, उमरेडच्या, मी लग्नापासून कधी न ऐकलेल्या. माहं यंत्र नेलं, माह्या लेकराचं यंत्र नेलं, तिच्या हाताले किडे पडो, तिचं तळपट होवो.

काचेच्या आत, टेबलाशी, श्वेता उभी राहून आमच्याकडे बघत होती.

"म्हना ना तुमीबी," रुख्मिणी माझा सदरा ओढत म्हणाली. "काहून गप बसले? तळपट होवो तिचं!"

"होवो," मी म्हणालो.